दार लागेपर्यंत

डोंबिवलीच्या पुलावरच घाम फुटतो. मे महिना. आठ वाजून गेलेत. पूर्वेचे आणि पश्चिमेचे लोक पुलाच्या मधोमध एकमेकांत मिसळतात आणि जिना आला की सगळे मिळून खाली ओतले जातात. जिन्यावर पायऱ्या दिसत नाहीत. पुढच्याच्या टाचा बघायच्या आणि आपला पाय तिथे टाकायचा. सहाव्या-सातव्या पायरीवर एक चप्पल पडली आहे. निळ्या पट्ट्यांची, बारीक मापाची. तिला चुकवून सगळे उतरतायत. जिची आहे ती बहुधा एका पायात चप्पल घालून एव्हाना मुंब्र्याच्या पुढे गेली असेल.

खाली फास्टचा प्लॅटफॉर्म. वरचा पत्रा तापायला लागलाय. पंखे फिरतायत, पण त्यांचा वारा वरच्यावर जिरतो. चहाच्या उकळीचा आणि तळणाचा वास एकत्र येतोय. लेडीज डब्यापाशी बाया जमल्यात. कुठे उभं राहायचं हे कुणी कुणाला विचारत नाही. खांब, बाकडं, फरशीचा एक फुटका कोपरा, अशा खुणा धरून प्रत्येकीची जागा ठरलेली. माझी जागा पाण्याच्या नळापासून चार पावलं पुढे. तिथे उभी राहिले की दार समोर येतं. साध्या गाडीचं. एसीचं नेमकं कुठे येईल हे अजून माझ्या पायांना कळलेलं नाही.

इंडिकेटरवर आधी साधी फास्ट, तिच्यामागे एसी. उद्घोषणेतली बाई 'वातानुकूलित' हा शब्द सावकाश, स्वच्छ म्हणते. अख्ख्या स्टेशनात तो शब्द तिच्याशिवाय कुणाच्या तोंडी नाही.

"एसीची वाट बघणार?"

"बघते. पास काढलाय ना."

"मी नाही बाई. एसी येते तेव्हा खरी."

साधी येते. वेग अजून पुरेसा आहे. पर्स पोटावर येतात, ओढण्यांना गाठी बसतात, पदर खोचले जातात. दारातला मधला दांडा लांबून दिसतो आणि पुढच्या रांगेतले सगळे हात त्या दांड्याच्या उंचीला येतात. गाडी थांबायच्या आधीच तिघी-चौघी आत. उतरणाऱ्या फार नाहीत, सकाळी डोंबिवलीला उतरतंय कोण! ज्या एक-दोघी उतरतात त्या आडव्या होऊन, केस सोडवत निघतात. वीस-पंचवीस सेकंद. गाडी सुटते तेव्हा चार जणी दाराच्या काठावर आहेत. एक पाय आत, एक हात दांड्याला, पाठीवरची बॅग हवेत.

आतून आवाज येतो, "सरका ना गं, ती लटकलीय बाहेर!" कुणीतरी तिची बॅग ओढून घेतं. मग दंड धरून तिला. तिघींना असंच, न बघता, न नाव विचारता. चौथी तशीच जाते. दिवा येईपर्यंत तिचाही दुसरा पाय आत गेलेला असेल. रोज जातो. मुंबईच्या उपनगरी रुळांवर बहुतेक वर्षी दोन हजारांवर माणसं मरतात. रूळ ओलांडताना जाणारी जास्त, पण गाडीतून पडणारीही शेकड्यांनी. प्लॅटफॉर्मवर हा आकडा कुणी काढत नाही. शेवटचा डबा दिसेनासा झाला की सगळ्याजणी पुन्हा आपापल्या खुणेवर येऊन उभ्या राहतात.

दहा मिनिटं. मग बारा. ब्लाउज पाठीला चिकटलाय. शेजारची पोरगी छोटा पंखा तोंडापाशी धरून उभी आहे, मोबाइलएवढा, बॅटरीवर चालणारा. त्याची झुळूक अधूनमधून चुकून माझ्या कानाला लागते. मी जरा तिच्याकडे सरकते.

एसी येते.

काचा बंद. काचेला टेकलेले खांदे बरणीतल्या लोणच्याच्या फोडींसारखे दिसतात. सगळ्यांचे हात सवयीने वर जातात, पण धरायला काही नाही. दार गुळगुळीत, बंद. मग बाया दाराबरोबर चालायला लागतात. गाडीचा वेग आणि चालीचा वेग एक होतो, तळवे काचेवर, जणू गाडी आपणच थांबवतोय. गाडी थांबते.

आणि काहीच होत नाही.

एक सेकंद. दोन. साध्या गाडीत हे सेकंद नसतातच. तिथे चढणं आधी आणि थांबणं नंतर. इथे आतल्या आणि बाहेरच्या समोरासमोर, मध्ये एक काच, एकमेकींच्या कपाळावरच्या टिकल्या दिसतील इतक्या जवळ. कुणी कुणाकडे बघत नाही. मग टूंटूं असा आवाज होतो, दाराची दोन पानं दोन बाजूंना सरकतात आणि गार हवेचा लोट चेहऱ्यावर येतो.

एकच बाई उतरणारी आहे. कल्याणहून आलेली, हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. ते चुरगळू नये म्हणून तिने डोक्यावर धरलंय. तिच्या त्या वर केलेल्या हाताखालून दोघी आत शिरतात. "अहो, उतरू द्या ना तिला आधी!" चार-पाच जणी ओरडतात. त्यांत मीही आहे, आणि ओरडताना माझा एक पाय डब्यात पडलेला आहे. मी रांगेत आहे असं मला वाटतं. मागचीला तसं वाटत नसावं, कारण तिच्या डब्याची पिशवी माझ्या बरगडीत आहे. एक्स-रेवाली शेवटी पाठमोरी उतरते, विहिरीत उतरावं तशी.

पुन्हा टूंटूं. दाराची पानं परत निघतात. आणि अडतात. शेवटी चढलेल्या पोरीची सॅक मध्ये आली आहे. पोरगी आत, सॅक बाहेर.

"सॅक काढ!"

"निघत नाहीये!"

"अगं पुढे घ्यायची ना आधीच!"

"जागा कुठेय पुढे?"

सगळी दारं पुरती लागल्याशिवाय ही गाडी हलत नाही. तशी रचनाच आहे. बारा डब्यांत बसायला हजाराच्या आसपास जागा, उभे धरून सहा हजारांच्या घरात माणसं. ती सगळी या क्षणी एका सॅकसाठी थांबली आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना ते ठाऊक नाही. त्यांना वाटतंय सिग्नल नाही. बाहेरून एक खाकी बाही येते आणि सॅकला तळवा लावून दाबते, उशीच्या अभ्र्यात कापूस कोंबतात तसा. कोपऱ्यातल्या सीटवरची आजी जपमाळेवरचा हात थांबवून म्हणते, "बाळ, आत का बाहेर, एक काय ते ठरव."

साध्या गाडीत हे ठरवावं लागत नाही. अर्धं आत, अर्धं बाहेर असं निम्मी मुंबई नोकरीला जाते, कारखाने होते तेव्हाही जायची. कळव्याचे लोक तर कारशेडमधून सुटणाऱ्या गाडीतच चढून बसतात. बंद दाराच्या गाडीपुढे त्या युक्तीचं काही चालत नाही.

दार लागतं. गाडी निघते आणि एकदम शांत होतं. चाकांचा खडखडाट लांब जातो. वारा नाही. कानात दडे बसावेत तसं वाटतं. दोन मिनिटांत घाम वाळतो आणि बाया पर्समधून स्टोल काढतात. आता सगळं ऐकू येतं. तिसऱ्या सीटवरचीच्या सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे गेलं. एकीचा इन्क्रिमेंट आला नाही. कुणाच्या तरी मोबाइलवर तोच विनोद तिसऱ्यांदा. साध्या डब्यात या गोष्टी वारा घेऊन जातो. तिथे शेजारीण कानात ओरडली तरी तिचं गुपित राहतं. आणि वास. कुणाच्या तरी डब्यात सुकट आहे. सगळ्यांना कळलंय, कुणी बोलत नाही. जिचा डबा आहे ती खिडकीबाहेर फार मन लावून बघतेय.

दाराशी आम्ही कोंबलेल्या आहोत, आणि सीटांच्या मधल्या पट्टीत जागा आहे. खरंच आहे. दोन जणी ऐसपैस उभ्या राहतील एवढी.

"ताई, आत सरका ना थोडं."

"ठाण्याला उतरायचंय मला."

"ठाण्याला अजून पंधरा मिनिटं आहेत हो."

"आत गेले तर बाहेर काढणार का तुम्ही मला?"

तिचं चूक आहे असं म्हणता येत नाही. गर्दीच्या या मापाला रेल्वेच्या भाषेत स्वतंत्र नाव आहे, 'सुपर डेन्स क्रश लोड'. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं. घरी स्वयंपाकघरातल्या चार फरशांवर खडूने चौकोन आखून त्यात सोळा माणसं उभी करायला घेतली तर पाचव्या-सहाव्यालाच आपण हात टेकू. तशात ज्याने एकदा ठाण्याचं दार हुकून मुलुंड बघितलंय, तो पुन्हा आत सरकत नाही.

मुंब्र्याचा डोंगर काचेतून निळसर दिसतो. एरवी इथे खाडीचा खारट वारा आत येतो आणि झोपलेल्या माना जाग्या होतात. आज कुणीच जागं होत नाही.

ठाणं यायच्या आधी ती हालचाल सुरू होते, जी कुठल्याही गाडीत सारखीच. "ठाणा?" पुढचीच्या खांद्याला बोट. ती मान हलवते आणि तिच्या पुढचीला विचारते, "ठाणा?" प्रश्न दारापर्यंत जातो, उत्तर मागे येतं. जी नाही म्हणते ती अंग चोरते, मागचीला जागा देते. मला मुंबईच्या लोकलमधलं सगळ्यात देखणं काही वाटत असेल तर हे. दहा-बारा अनोळखी बाया, एका शब्दावर, पत्ते पिसावेत तशा आपसांत जागा बदलतात. दार उघडायच्या आत उतरणाऱ्या पुढे आणि थांबणाऱ्या मागे. फक्त त्या दाराच्या पलीकडे उभ्या असलेल्यांना या रांगेची खबर नसते.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी याच ठाण्याला आली. चौतीस किलोमीटर, चौदा डबे, चारशे निमंत्रित. आज तेवढे लोक एका डब्यात आहेत, निमंत्रणाशिवाय. ठाण्याला दार उघडतं आणि दोन्ही बाजूंच्या छात्या एकमेकींना भिडतात. पुन्हा तेच, दुप्पट वेळ. आता प्लॅटफॉर्मवर दाराच्या दोन बाजूंना पिवळे बाण रंगवलेत असं समजलं, तरी त्यावर उभं राहायला आधी ते पावलांखालून दिसायला हवेत.

ठाण्याच्या पुढे टीसी बाई येते. काळा कोट, त्यावर गारव्यासाठी शाल. माझ्या शेजारची कॉलेजची पोरगी लगेच म्हणते, "मॅडम, साधी चुकली म्हणून चढले." बोलायच्या आधीच तिने पाकीट काढलंय. पश्चिमेच्या लाइनवर २०१७ च्या नाताळात पहिली एसी लोकल धावली. आमच्या मध्यच्या लाइनीला ती २०२० मध्ये मिळाली. तेव्हा तिचे डबे उघडेबोडके दिसायचे, साध्या गाडीतली माणसं शेजारच्या रुळावरून लटकत जाताना त्या रिकाम्या सीटांकडे बघायची. मे २०२२ मध्ये एका वेळचं भाडं जवळजवळ निम्म्यावर आलं आणि सीटा भरल्या. तरी साध्या डब्याचं तिकीट पाच रुपयांपासून सुरू होतं, त्याच्याशी तुलना होत नाही. पोरगी दंड भरते. पावती नीट घडी करून पुस्तकात ठेवते. टीसी बाई पुढच्या पासाकडे वळताना हळूच म्हणते, "चुकली तर पुढची बघ गं."

घाटकोपर. इथे अर्ध्या जणी उतरतात आणि वर मेट्रोकडे जातात. आत्ता ज्या कोपराने माझा चष्मा तिरका केला, तो कोपर तीन मिनिटांनी वरच्या मजल्यावर जमिनीवरच्या खुणेमागे गुमान उभा असेल. मी स्वतः पाहिलंय. मीही उभी राहिलेय. तिथे दुसरी गाडी चार-पाच मिनिटांत येते हे सगळ्यांना माहीत असतं.

कुर्ला. ३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबईतली पहिली विजेवरची गाडी इथवर आली होती, चार डब्यांची. आज प्लॅटफॉर्मवर चार डब्यांपुरते लोक फक्त आमच्या दाराकडेच बघतायत असं वाटतं.

"दादर?"

"दादर."

"पुढची?"

"मीपण. चला."

माझ्या पुढची बाई, पन्नाशीची, सवयीने हात मधोमध पुढे करते, दारातल्या दांड्याच्या उंचीवर. दांडा तिथे नाही. मूठ हवेत मिटते. ती हसते, माझ्याकडे बघते आणि हात काचेला टेकवते. काचेपलीकडे दादरचा प्लॅटफॉर्म चालत येतोय, मग चालणारी माणसं, मग थांबलेली. एक तळवा बाहेरून बरोबर तिच्या तळव्यासमोर येऊन टेकतो.

टूंटूं.

मी उतरले की मागून कुणी ढकललं, हे सांगता येणार नाही. पाय फरशीवर आहेत. आणि समोर सगळं पांढरं. गारव्यातून एकदम या दमट गरमीत आल्यावर चष्म्याच्या काचांवर धुकं धरतं. ऐकू मात्र येतं. "उतरू द्या आधी!" "अंदर चलो ना यार!" "मेरा पैर!" कुणाचा तरी डबा माझ्या कमरेला लागून जातो. मी खांब चाचपते, त्याला पाठ लावते आणि ओढणीच्या टोकाने काचा पुसते. आधी डावी. मागे दाराचा आवाज होतो, पानं निघतात आणि अडतात. कुणीतरी ओरडतं, "बॅग आत घे!" पुन्हा टूंटूं. मग उजवी.

चष्मा घालते. गाडी अजून उभीच आहे.