निवृत्तीनंतर समुद्र हवा, पण कुठला?

आमची निवृत्ती जवळ आलीय. बालपण दोघांचंही रत्नागिरीत गेलेलं, त्यामुळे म्हातारपणी समुद्र हवाच यावर एकमत. प्रश्न एवढाच, नेदरलँड्सचा नेमका कुठला किनारा?

पहिली पसंती झेलंड प्रांतातलं फ्लिसिंगन. मोठाली जहाजं किनाऱ्याला अगदी लगटून जातात. पण आम्स्टरडॅमहून रेल्वेने दोन तासांहून जास्त. मुलं येणार कधी? झांडफोर्ट थेट गाडीने अर्ध्या तासावर. मात्र उन्हाळ्यात पर्यटकांची झुंबड आणि वाळूच्या टेकड्यांत मोटारशर्यतीचं सर्किट!

मग हिशेब मांडला. इथलं सरकारी पेन्शन इथे राहिलेल्या दर वर्षामागे २ टक्के जमतं. पूर्ण मिळायला ५० वर्षं लागतात. आम्ही पस्तिसाव्या वर्षी आलो. म्हणजे ६७ पर्यंत ३२ वर्षं, ६४ टक्के. त्यात समुद्र दिसणारा फ्लॅट कुठून परवडणार? शिवाय फॅमिली डॉक्टर घराजवळचाच लागतो आणि बरेच जण नवे पेशंट घेत नाहीत. म्हणून घर ठरवण्याआधी डॉक्टर शोधायचा.

आता कौल द हेगकडे झुकलाय. स्खेव्हेनिंगनचा किनारा ट्रामच्या अंतरावर, भारतीय दूतावास शहरातच, आणि सुरिनामहून आलेल्या हिंदुस्तानी मंडळींच्या दुकानांत कारली, चवळीच्या शेंगा मिळतात. खिडकीतून लाटा दिसल्या नाहीत तरी चालेल. गाडी चालवणं सुटल्यावरही डॉक्टर, भाजी आणि चार ओळखीची माणसं गाठता आली पाहिजेत.