सामाईक वही

20 मार्चला महाडला येणाऱ्या गर्दीत, चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर, एक माणूस हमखास भेटतो. सगळे तळ्याकडे बघत असतात, हा फोनकडे. वस्तीतून तीन बस निघाल्या, दोन पोचल्या, तिसरी माणगावच्या कोंडीत अडकलेली. जेवणाची पाकिटं नेमकी त्याच बसमध्ये. अशाच एकाच्या खांद्यावरून मी एकदा डोकावलो. फोनवर तक्ता उघडा होता: नाव, गाडी क्रमांक, वर्गणी जमा की बाकी. शेवटचा रकाना शेऱ्याचा, आणि एका नावापुढे लिहिलं होतं, ‘आजी. गोळ्या नातीच्या पिशवीत.’ मी बघत असतानाच कुणीतरी दुसरीकडून, बहुधा त्या अडकलेल्या बसमधूनच, एका नावापुढचं ‘बाकी’ खोडून ‘जमा’ केलं.

संगणकाने माणसांना एकत्र काम करायला कशी मदत करावी, याचा अभ्यास करणारी एक स्वतंत्र विद्याशाखा आहे, हे त्या माणसाला ठाऊक असायचं काही कारण नाही. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्टने भरसभेत एक प्रयोग करून दाखवला. माऊस लोकांनी पहिल्यांदा पाहिला तो तिथे, म्हणून तो प्रयोग लक्षात राहिला. माझ्या मते त्यातली मोठी गोष्ट वेगळीच होती. मंचावरचा एंगलबार्ट आणि सुमारे 50 किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेतला त्याचा सहकारी एकाच वेळी एकच मजकूर पडद्यावर पाहत होते, एकमेकांशी बोलत होते. संगणक म्हणजे आकडेमोडीचं यंत्र असं मानण्याचा तो काळ. पुढे 1984 मध्ये आयरीन ग्राइफ आणि पॉल कॅशमन यांनी वेगवेगळ्या क्षेत्रांतली वीसेक माणसं जमवून या अभ्यासाला नाव दिलं. मराठीत त्याला ‘संगणकाच्या साह्याने सहकार्य’ म्हणता येईल. शब्द जरा सरकारी वाटतो खरा.

सहकार्य मात्र संगणकाच्या कितीतरी आधीचं. ज्या पायऱ्यांवर आपण बसलो आहोत तिथे 1927 साली काय झालं ते या नजरेने पाहावं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 मध्येच मंजूर झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही पुढच्या वर्षी तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद तयार होता. पाण्याला हात लावायला मात्र 20 मार्च 1927 उजाडावा लागला, आणि त्यासाठी आधी अस्पृश्यांची परिषद भरवावी लागली. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस यांच्यासारखी माणसं खपली. गावोगावी निरोप गेले, प्रतिनिधी हजारोंनी जमले. त्यांना पिण्याचं पाणी मिळेना, म्हणून आयोजकांनी 40 रुपयांचं पाणी विकत घेतलं. या एका नोंदीत त्या परिषदेची सगळी तयारी दिसते, आणि परिषदेचं कारणही.

त्याच दिवशी दुपारी गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. लोक जेवत असताना मंडपावर हल्ला झाला. अफवेला तेव्हाही नेटवर्क लागलं नव्हतं. खरा निरोप पोचवायला आठवडे चालावं लागतं, खोटा तासाभरात गाव फिरतो. 2018 मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल अशी मर्यादा घातली, ती याच जुन्या रोगावर.

आता परत त्या तक्त्याकडे. दोन माणसं एकाच वेळी एकाच ओळीत लिहितात तेव्हा गोंधळ का होत नाही? समजा ओळ आहे ‘गाडी 3: 42 माणसं’. मी सुरुवातीला ‘महिला मंडळ’ हे शब्द घातले. त्याच क्षणी तुम्ही दुसरीकडून 42चे 43 केले. तुमची सूचना माझ्या फोनवर येते ती ‘आठव्या जागेवरचा आकडा बदला’ अशी. पण माझ्याकडे आठव्या जागेवर आता भलतंच अक्षर आहे. म्हणून यंत्र तुमची सूचना जशीच्या तशी पाळत नाही. मी जेवढी अक्षरं घातली तेवढी ती पुढे सरकवतं आणि मग पाळतं. दोघांकडे शेवटी एकच ओळ राहते. ही युक्ती क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्ज यांनी 1989 मध्ये मांडली. गूगल डॉक्स त्याच कुळातल्या तंत्रावर चालतं.

हा एलिस शिकागोच्या गरीब वस्तीत वाढलेला कृष्णवर्णीय मुलगा. पंधराव्या वर्षी एका कंपनीत रात्रपाळीचा पहारेकरी झाला. राखण करायची ती नव्या संगणकाची, आणि ताकीद अशी की यंत्राला हात लावायचा नाही. हात लावायचा नाही म्हणून तो रात्रभर त्याची माहितीपुस्तकं वाचत बसे. एकदा कंपनीत कोरी पंचकार्डं संपली. वापरलेली कार्डं पुन्हा कशी चालवायची हे फक्त या पोराला माहीत होतं. 1969 मध्ये तो संगणकशास्त्रात पीएचडी मिळवणारा पहिला आफ्रिकी-अमेरिकी ठरला. पहारेकऱ्याला घातलेली बंदी आणि तळ्यावरची बंदी एका मापाने मोजायची नाही, हे मला कळतं. तरीही ही गोष्ट महाडला बसून वाचली की वेगळी लागते.

या विद्याशाखेतला सगळ्यात कामाचा प्रश्न जोनाथन ग्रुडिनने 1988 मध्ये विचारला: अशा व्यवस्था फसतात का? त्याने दिलेल्या कारणांतलं पहिलं अगदी घरगुती आहे. जास्तीचं काम एकाने करायचं आणि फायदा दुसऱ्याने घ्यायचा, असं असलं की पहिला ते काम टाळतो. आपल्याकडे याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. 2021 च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या अंगणवाडीसेविकांनी सरकारी मोबाईल परत केले. फोन जुने, सारखे अडकणारे. त्यात पोषणाच्या नोंदींचं केंद्राचं ॲप इंग्रजीत. बाळाचं वजन करायचं, आईला समजवायचं, आणि मग परक्या भाषेतले रकाने भरत बसायचं, ते दिल्लीतल्या कुणाला तरी आलेख दिसावा म्हणून. बायका तंत्रज्ञानाला घाबरल्या, असं त्या वेळी काहींनी म्हटलं. मला ते साफ चूक वाटतं. याच बायका बचत गटाचे हिशेब चोख ठेवतात.

उलट उदाहरण मराठी विकिपीडियाचं. 2003 पासून चाललेल्या या ज्ञानकोशात कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं; कुणी काय बदललं ते इतिहासाच्या पानावर राहतं. चर्चेच्या जागेला तिथल्या लोकांनी नाव दिलंय ‘चावडी’. इतकं नेमकं नाव समितीला सुचलं नसतं.

पण हे सगळं नेटवर्क असेपर्यंत. 22 जुलै 2021. महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस पडला, सावित्री आणि गांधारी महाडच्या बाजारपेठेत शिरल्या. वीज गेली, टॉवर बंद पडले, गट शांत झाले. त्याच संध्याकाळी तळिये गावावर डोंगर आला; पोलादपूरच्या बाजूला केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही. तळियेत 80हून अधिक माणसं गेली. रस्ते तुटलेले, फोन मुके. बचावपथकं पोचली ती दुसऱ्या दिवशी. मुंबईतल्या चाकरमान्यांच्या गटांवर रात्रभर एकच प्रश्न फिरत होता: ‘कुणाचा फोन लागतोय का?’ उत्तर देणारी माणसं गटात होती, पण त्यांच्यापर्यंत प्रश्नच पोचत नव्हता.

पोलादपूरकडच्या एका वाडीत अलीकडे गेलो होतो. मुंबईकर मंडळाचा तक्ता तिथेही फोनवरच आहे, शिमग्याच्या वर्गणीसकट. पण देवळाच्या आतल्या भिंतीवर, नुकसान होणार नाही इतक्या उंचीवर, कुणीतरी ऑइलपेंटने यादी रंगवली आहे: कुठल्या घरात किती माणसं, कोण चालू शकत नाही, दोर कुणाकडे, बॅटरी कुणाकडे. दोन घरांपुढचे आकडे खडूने खोडून नवे केलेले होते. खडू खाली कोनाड्यातच होता, पणतीशेजारी.