मोठ्या साहेबांची शाळा

वॉशिंग्टनमध्ये पोटोमॅक आणि अ‍ॅनाकोस्टिया या नद्या मिळतात, तिथल्या चिंचोळ्या जमिनीवर १७९१ पासून लष्कराचं ठाणं आहे. आज त्याला फोर्ट मॅकनेअर म्हणतात. लिंकनच्या खुनाच्या कटातल्या चौघांना जुलै १८६५ मध्ये इथेच फाशी दिलं; त्या जागेवर पुढे टेनिस कोर्ट झालं. याच आवारातल्या मार्शल हॉलमध्ये भरणाऱ्या एका शाळेत विद्यार्थ्यांचे केस पिकलेले असतात. कुणी कर्नल, कुणी नौदलातला कमांडर, कुणी मुलकी खात्यातला वरच्या श्रेणीचा अधिकारी. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या टिपणांवर शेरे मारणारी ही मंडळी इथे स्वतः टिपणं लिहितात आणि मास्तरांकडून शेरे घेतात.

शाळेची नावं बदलत गेली, आणि त्या नावांतच तिची गोष्ट आहे. १९६४ साली ती संरक्षण खात्याची ‘कॉम्प्युटर इन्स्टिट्यूट’ होती. तेव्हा संगणक खोलीभर असायचा आणि साहेबांना त्याची निदान तोंडओळख असावी, एवढीच अपेक्षा होती. पुढे नॅशनल डिफेन्स युनिव्हर्सिटीच्या छत्राखाली तिचं ‘इन्फर्मेशन रिसोर्सेस मॅनेजमेंट कॉलेज’ झालं. यंत्र पाटीवरून उतरलं, माहिती चढली. आजची पाटी ‘कॉलेज ऑफ इन्फर्मेशन अँड सायबरस्पेस’ अशी आहे.

मधल्या नावाचा काळ मला सगळ्यांत रोचक वाटतो. १९६५ च्या ब्रूक्स कायद्याने सरकारी संगणक खरेदीच्या नाड्या एका मध्यवर्ती खात्याच्या हाती दिल्या होत्या. हेतू चांगला होता, पण मंजुरीचे कागद फिरून येईपर्यंत मागितलेलं यंत्र जुनं व्हायचं. १९९४ मध्ये सिनेटर विल्यम कोहेन यांनी ‘कॉम्प्युटर केऑस’ नावाचा अहवाल काढला. सरकारी संगणकांवर अब्जावधी डॉलर कसे वाया गेले, याचा तो पाढा होता. फेब्रुवारी १९९६ मध्ये कोहेन आणि प्रतिनिधिगृहातले विल्यम क्लिंगर यांचा कायदा झाला. मध्यवर्ती मंजुरी गेली आणि मोठ्या खात्यांत ‘चीफ इन्फर्मेशन ऑफिसर’ हे पद आलं. गंमत म्हणजे वर्षभरातच कोहेन संरक्षणमंत्री झाले. स्वतःच वाढलेलं ताट त्यांच्याच पुढ्यात आलं.

पद कायद्याने निर्माण होतं, माणूस होत नाही. तो घडवायचं काम ज्या संस्थांनी उचललं, त्यांत हे कॉलेज होतं. माहिती अधिकाऱ्यासाठी प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम आला, पुढे ‘गव्हर्न्मेंट इन्फर्मेशन लीडरशिप’ या विषयात पदव्युत्तर पदवीही. विषय पाहिले तर प्रोग्रॅमिंगचा भर कमी. अंदाजपत्रक, खरेदी, कामाची फेररचना, सुरक्षा, आणि वरिष्ठांना पटवण्याची कला जास्त. गणवेशातले आणि मुलकी एकाच बाकावर बसतात. वर्गात कुणी काय म्हणालं, ते त्याच्या नावानिशी बाहेर सांगायचं नाही, हा विद्यापीठाचा नियम. तो नसता तर कोणता अधिकारी आपल्या खात्याची फसलेली योजना तोंडावर आणणार?

या धंद्याचं मर्म १९९६ च्या एका परिपत्रकात सापडतं. अंदाजपत्रक विभागाचे प्रमुख फ्रँकलिन रेन्स यांनी त्यात नव्या संगणक योजनांना पैसे मिळण्यासाठी आठ अटी घातल्या. पहिल्या तीन म्हणजे सरळ तीन प्रश्नच. हे काम सरकारच्या मुख्य जबाबदारीतलं आहे का? दुसरं कुणी ते अधिक चांगलं करू शकतं का? आणि संगणक आणण्याआधी कामाची पद्धत सुटसुटीत केली का? पुढे आणखी एक अट होती: काम लहान लहान टप्प्यांत, थोडक्या मुदतीत करा.

तिसरा प्रश्न मला आमच्या गावाकडच्या एका कार्यालयात विचारावासा वाटला होता. तिथे अर्ज ऑनलाइन भरायचा, त्याची प्रिंट काढायची, तिच्यावर सही करायची आणि ती खिडकीवर नेऊन द्यायची. खिडकीतल्या बाई मग तोच मजकूर संगणकात पुन्हा टाइप करायच्या. रांग जुनी होती तेवढीच, वर प्रिंटचे पाच रुपये.

प्रश्न न विचारता पुढे गेलं की काय होतं, याचा मोठा धडा एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेने दिला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर विमानांच्या अपहरणकर्त्यांचे फोटो तिला आपल्याच कार्यालयांना ईमेलने धाडता येईनात, रातोरात कुरियरने पाठवावे लागले. जुन्या यंत्रणेत ‘फ्लाइट’ शोधता येई, ‘स्कूल’ शोधता येई. ‘फ्लाइट स्कूल’ हे दोन शब्द एकत्र शोधता येत नसत. म्हणून ‘व्हर्च्युअल केस फाइल’ ही नवी प्रणाली घ्यायची ठरली. मागण्यांचं बाड आठशे पानांवर गेलं, मागण्या रोज बदलत राहिल्या आणि सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये ती गुंडाळावी लागली. असं प्रकरण वर्गात काढलं, तर चर्चा ठेकेदाराला शिव्या देऊन थांबू नये. ‘नाही’ म्हणायचा अधिकार कुणाच्या टेबलावर होता, आणि त्या टेबलावरच्या माणसाचं वर कुणी ऐकत होतं का, हे शोधायला हवं.

शाळेची मर्यादाही इथेच आहे. ती प्रश्न विचारायला शिकवते. उत्तर ऐकून घेणारा वरिष्ठ तिच्या पटावर असेलच असं नाही. अमेरिकी सरकारच्या कर्मचारी विभागाला त्याच्याच तपासनिसाने नोव्हेंबर २०१४ मध्ये लिहून दिलं होतं की अकरा यंत्रणा वैध सुरक्षा-मंजुरीशिवाय चालू आहेत, त्या बंद करण्याचा विचार करा. त्या बंद झाल्या नाहीत. २०१५ मध्ये उघड झालं की गोपनीय कामासाठी तपासणी झालेल्या माणसांची आणि त्यांच्या घरच्यांची, मिळून २ कोटी १५ लाख जणांची माहिती चोरीला गेली, सोबत ५६ लाख जणांचे बोटांचे ठसे.

त्या तपासणीचा अर्ज शंभराहून अधिक पानांचा असतो. जुने शेजारी, कर्ज, मानसोपचार, परदेशातले नातेवाईक, सगळं त्यात लिहावं लागतं. मार्शल हॉलमध्ये बसणाऱ्या कर्नल-कमांडरांपैकी बहुतेकांनी तो कधी ना कधी भरलेला असणारच. ज्यांची माहिती गेली, त्यांना सरकारने पत्रं धाडली. पत्रात होती कुणी तुमच्या नावावर कर्ज काढतंय का यावर लक्ष ठेवण्याची सोय, तीन वर्षं मोफत.