कोरी जीन आणि देवणीचं ऊन

मे महिन्यात लातूर जिल्ह्यातल्या आमच्या देवणीत दुपारी दोरीवर टाकलेलं धोतर चहा होईपर्यंत वाळतं. गेल्या वर्षी त्याच दोरीवर पुण्याहून आलेल्या भाच्यानं एक पँट उलटी करून टांगली. दोरी मधोमध वाकली. दिवस मावळला तरी कमरेची पट्टी आणि खिशांच्या शिवणी ओल्याच. आईनं दोन बोटांत कापड धरून पाहिलं आणि नातवाला म्हणाली, "अरे लेकरा, ताडपत्री कामून धुवायलास?"

आईला ठाऊक नव्हतं, पण ती त्या कापडाच्या कुळाचंच नाव घेत होती. मुंबईच्या डोंगरी भागात विकलं जाणारं जाडंभरडं सुती कापड 'डोंगरी' या नावानं ओळखलं जाई. त्याचे तंबू होत, गलबतांची शिडं होत, गरिबाच्या अंगावरचे कपडेही होत. सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या नोंदींत हे नाव सापडतं. पुढे साहेबाच्या तोंडी त्याचं 'डंगरी' झालं आणि कारखान्यातल्या कामगाराचा पोशाख म्हणून ते नाव आपल्याकडे परत आलं. 'डेनिम' हे नाव फ्रान्समधल्या नीम शहरावरून आणि 'जीन' हे इटलीतल्या जिनोआवरून आलं असं मानतात. लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याच्या रिबेटा ठोकण्याचं पेटंट २० मे १८७३ रोजी घेतलं, तेव्हापासून अमेरिकेच्या जीन्सची गोष्ट सुरू होते. जाड सुती कापड अंगावर घालून उन्हात राबण्याची आपली गोष्ट तिच्याहून कितीतरी जुनी आहे. म्हणूनच ही पँट कशी घालावी, कशी धुवावी हे थंड देशांच्या नियमांवरून ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे.

भाच्याची पँट एकवीस औंसची होती. डेनिमचं वजन एका चौरस यार्डाला किती औंस असं मोजतात. एक औंस म्हणजे चौरस मीटरला साधारण ३४ ग्रॅम. त्या हिशेबानं त्याच्या पँटचं कापड चौरस मीटरला सातशे ग्रॅमच्या वर जातं. अंगातल्या सदऱ्याचं कापड त्याच मापानं शंभर-सव्वाशे ग्रॅमचं असतं, म्हणजे मांडीवर सहा-सात सदरे एकावर एक चढवल्यासारखं झालं. त्यातही ही पँट 'रॉ' होती. या शब्दाला आपल्याकडे फार चांगला शब्द आहे: कोरी. माग सोडल्यापासून पाण्याला न शिवलेलं, खळ जशीच्या तशी असलेलं कापड. बाजारातली बहुतेक जीन्स दुकानात येण्याआधीच कारखान्यात धुऊन, घासून, मऊ करून घेतलेली असते. कोरी जीन नवी असताना पत्र्यासारखी उभी राहते. तिला मऊ करायचं आणि तिचा रंग उतरवायचा, हे काम घालणाऱ्याकडे असतं.

हा रंग कसा उतरतो, हे समजून घेण्यासारखं आहे. डेनिममध्ये ताण्याचे धागे निळे असतात आणि बाण्याचे पांढरे. विणीत निळा धागा जास्त वर राहतो म्हणून पँट बाहेरून निळी आणि आतून फिकट दिसते. ताण्याला नीळ चढवतात. नीळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून रसायनं घालून तिचं पिवळट-हिरवं रूप करावं लागतं. धागा त्या हौदात बुडवून वर काढला की हवा लागताच डोळ्यांदेखत निळा होतो. असं पुन्हा पुन्हा केलं तरी रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही, वरच्या वर थर बसतो. वांगं कापल्यावर बाहेर जांभळं आणि आत पांढरं दिसतं, तसाच हा धागा. जिथं घासलं जातं तिथं साल निघते आणि आतला पांढरा गाभा दिसू लागतो. मांडीच्या सांध्याशी मांजराच्या मिशांसारख्या रेघा, गुडघ्यामागं मधाच्या पोळ्यासारखी जाळी, ही सगळी त्याच सालीची किमया.

रंग पक्का करण्यासाठी मीठ, व्हिनेगर, तुरटी घालायला सांगणारे लोक भेटतात. मीही एकदा मूठभर मीठ आणि तुरटीचा खडा घालून जीन रात्रभर भिजवली होती. सकाळी बादलीतलं पाणी शाईसारखं निळं होतं. कारण साधं आहे. तुरटी ज्या रंगांना धाग्याशी जखडते त्यांतली नीळ नाही. नीळ धाग्याच्या बारीक फटींत अडकून बसते, आणि घासलं की निघते. मीठ तिचं काही करू शकत नाही.

ही पँट ज्याचं काम अंगावर लिहून घेते, त्याच्याकडे पाहून तिची गंमत कळते. आमच्या तालुक्याचं नाव ज्या गाईबैलांमुळे देशभर गेलं, त्या देवणी जातीत तीन प्रकार सांगतात. वानेऱ्याचं अंग पांढरं आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या, बालंक्या जवळजवळ सगळा पांढरा, शेवेऱ्याच्या पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे ठिपके. जाणकार माणूस दुरून खुणा पाहून प्रकार सांगतो. जुन्या जीनचंही तसंच. गुडघ्यांत भांडं धरून धार काढणाऱ्याची जीन गुडघ्याच्या आतल्या बाजूला फिकी पडते. ट्रॅक्टरवाल्याची बैठकीत विरते. उदगीर-देवणी रोज मोटारसायकलवर करणाऱ्याच्या मांडीवरच्या रेघा ठळक असतात, कारण गाडीवर बसलं की घडी त्याच जागी पडते. आणि मागच्या खिशावर गोल ठसा दिसला, तर तिथं चुन्याची डबी राहते हे कुणी सांगावं लागत नाही.

आता उन्हाचं. बाहेरदेशी कोरी जीन सहा महिने धुवायची नाही असा दंडक सांगतात, म्हणजे घड्या पक्क्या बसतात आणि रेघा ठळक उमटतात. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात एका विद्यार्थ्यानं पंधरा महिने न धुता जीन घातली. प्राध्यापक रेचल मॅक्वीन यांच्यासोबत त्यानं तिच्यावरचे जंतू मोजले, मग ती धुऊन तेरा दिवस घातली आणि पुन्हा मोजले. आकडे जवळपास सारखेच आले. या प्रयोगाचा दाखला सगळीकडे दिला जातो. पण तो एडमंटनमध्ये झाला, जिथं हिवाळ्यात पारा शून्याच्या कितीतरी खाली उतरतो. एप्रिलमध्ये चाळिशी ओलांडणाऱ्या गावात दिवसभर घामानं भिजणाऱ्या माणसावर तो तसाच लागू करता येणार नाही. जीन रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली की जंतू मरतात, असंही सांगतात. बरेचसे जंतू गारठ्यात नुसते निपचित पडतात आणि ऊब मिळताच पुन्हा उठतात.

घाम सुकला की मीठ मागं राहतं. त्यावर काळ्या रानातली बारीक धूळ बसते. हे मिश्रण जांघेत, जिथं कापड सतत एकमेकांवर घासतं, तिथं कानसीसारखं काम करतं. न धुतलेली जीन आधी तिथंच फाटते. म्हणजे न धुण्यानं कापड जपलं जातं ही समजूत आपल्या हवेत उलटी पडते. माझा अनुभव असा की होळीपासून मृगापर्यंत आठ-दहा वेळा घातली की धुवावी, हिवाळ्यात महिनाभर चालते. मधल्या दिवसांत रात्री उलटी करून मोकळ्या हवेत टांगावी. मराठवाड्याची हवा कोरडी आहे, हा इथला मोठा फायदा. कोकणात किंवा मुंबईत तीच पँट आठवडाभर घडी करून ठेवली तर तिला बुरशीचा वास येतो. आपल्याकडे ती भीती आषाढ-श्रावणातच.

एक गोष्ट मात्र रेघांपेक्षा महत्त्वाची. नायटा, गजकर्ण हा आजार आपल्याकडे घरोघरी झालाय. औषधांच्या दुकानातून आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमं लावून तो आणखी चिवट होतो. त्वचेचे डॉक्टर घट्ट जीन्स टाळा, सैल सुती कपडे घाला, असं सांगतात. ज्याला जांघेत नायटा आहे त्यानं जाड, घट्ट जीन बाजूला ठेवावी. बरं होईपर्यंत कपडे गरम पाण्यात धुवावेत, कडक उन्हात वाळवावेत, रंग गेला तर जाऊ द्यावा. आणि धडधाकट माणसानंही मांडीत वारा खेळेल इतकी सैल पँट घ्यावी. जाड कापड ऊन अडवतं हे खरं, पण कापड आणि कातडी यांच्यामध्ये हवा नसेल तर घाम जायचा कुठून?

धुणं अवघड नाही. आपल्या आयांनी नव्या इरकलीच्या रंगाची जशी काळजी घेतली तशीच घ्यायची. एकटी धुवायची, उलटी करून, गार पाण्यात. आमच्याकडे बोअरचं पाणी जड, त्यात साबणाला फेस येत नाही आणि पांढरी पूड कापडावर बसते. म्हणून रिठ्याचं पाणी किंवा सौम्य पावडर थोडीशी वापरावी आणि दोनदा खळबळून काढावी. सोडा आणि ब्लीच नको. दगडावर आपटू नये, ब्रश फिरवू नये, कारण त्याच्या पांढऱ्या रेघा तुमच्या चालण्याबसण्याच्या नसतात. पिळायची नाही, तशीच निथळत टांगायची. उलट्या बाजूनं तासभर ऊन दिलं तर वास जातो, मग सावलीत. दिवसभर कडक उन्हात ठेवली तर सगळा रंग सरसकट फिकट होतो, आणि खुणांचा उठाव जातो.

पहिलं भिजवणं सर्वांत महत्त्वाचं. आमचे शिंपी मास्तर जुन्या काळापासून गिऱ्हाइकाला बजावत आलेत: कोरं कापड आधी पाण्यातनं काढ, मग माझ्याकडं आण. डेनिममध्ये दोन जाती असतात. सॅनफोराइज केलेलं कापड कारखान्यातच आटवून आलेलं असतं, ते घरी फारसं आटत नाही. ही पद्धत अमेरिकेत सॅनफर्ड क्लुएट यांनी १९३०च्या सुमारास काढली. ती न केलेलं कापड मात्र शेकडा सात-दहापर्यंत आटू शकतं, म्हणजे चाळीस इंच लांबीत तीन-चार इंच. असं कापड कोमट पाण्यात पाऊण तास बुडवून, वाळवून मगच मापं घ्यावीत.

मास्तरांना जीन शिवणं नवं नाही. १९९५च्या सुमारास अरविंद मिल्सनं 'रफ अँड टफ' नावानं न शिवलेल्या जीन्सची पाकिटं बाजारात आणली. कापड, चेन, बटण, रिबेटा सगळं एका पाकिटात, शिलाई गावच्या शिंप्याकडे. लहान गावांतल्या कितीतरी पोरांच्या अंगावर पहिली जीन अशी चढली. आजही जाड कापड आसपासच तयार होतं. नांदेडला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात लोहाऱ्याला रेमंडचा डेनिमचा कारखाना आहे. देवणीच्या शेजारी उदगीरला राष्ट्रध्वजासाठी खादी विणली जाते आणि नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तिचे ध्वज होतात. सुताचा कस ओळखणारी माणसं या भागात आहेत.

आणि पाणी. लातूरच्या माणसाला याबद्दल सांगावं लागू नये. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं. लेव्ही स्ट्रॉस कंपनीनं २०१५ मध्ये हिशेब मांडला की त्यांच्या एका जीनला कापसाच्या शेतापासून घरच्या धुण्यापर्यंत जन्मभरात ३,७८१ लिटर पाणी लागतं. म्हणजे ती अख्खी रेल्वे १३२ जीन्सची तहान. यातलं ६८ टक्के पाणी कापूसच पितो. आपला बहुतेक कापूस कोरडवाहू, तो पावसावर वाढतो, त्यामुळे हा आकडा आपल्याला जसाच्या तसा लावता येत नाही. पण २३ टक्के वाटा घरच्या धुण्याचा आहे, आणि तो आपल्या हातात आहे. एका पँटसाठी मशीन भरून पाणी घालण्याऐवजी दोन बादल्यांत ती निघते. शेवटचं खळबळलेलं पाणी अंगण शिंपायला चालतं.

दुकानात आधीच पांढरी केलेली जीन घेण्याबद्दल माझा विरोध आणखी एका कारणासाठी आहे. ती जुनी दिसावी म्हणून कारखान्यांत वाळूचा जोरदार फवारा मारत. ती धूळ फुप्फुसात जाऊन तुर्कस्तानातल्या अनेक तरुण कामगारांना सिलिकोसिस झाला, काही दगावले. २००९ मध्ये त्या देशानं या फवाऱ्यावर बंदी घातली. आता बऱ्याच ठिकाणी लेझर, दगड, रसायनं वापरतात. आपली मांडी जिथं वर्षभरात आपोआप फिकी पडणार, तिथं फिकेपणा विकत घेऊन दुसऱ्याच्या छातीत धूळ का भरावी, याचं उत्तर मला कधी सापडलं नाही.

जांघेत विरलं तर भोक पडायच्या आधी रफू करून घ्या. जाड कापडाला अठरा नंबरची सुई लागते, ती मास्तरांकडे असते. देवणीत वर्षभर घालायची तर बारा ते चौदा औंसची, सैल, सॅनफोराइज केलेली घ्या. भाच्याची एकवीस औंसवाली तो इथंच ठेवून गेला. ती आमच्याकडे मार्गशीर्ष ते माघ वापरली जाते. बाकीचे नऊ महिने ती ट्रंकेत असते, कडुलिंबाच्या वाळल्या पाल्यात.