नवीन लॅपटॉपवर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू होत नाही? आधी ४८ अंकी की शोधा, मग बाकीचं!



मागच्या दिवाळीत मी बारामतीला घरी होतो. रात्री इंदापूरहून आतेभावाचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. निळी स्क्रीन, त्यावर 'बिटलॉकर रिकव्हरी' असं लिहिलेलं आणि की टाकायला लांबलचक चौकट. खाली मेसेज: "दादा, लॅपटॉप गेला का?"

लॅपटॉप महिन्याभरापूर्वीच घेतलेला. वडिलांनी उसाच्या पैशातून बाजूला काढून ठेवलेले, त्यातून. तो इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. ॲडमिशनची कागदपत्रं, स्कॉलरशिपचे स्कॅन, सगळं त्या लॅपटॉपमध्येच होतं. मी त्याला एवढंच सांगितलं, "आता काहीही दाबू नकोस. रिसेट तर अजिबात नको." दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी पकडून इंदापूर गाठलं.

तिथे समजलं की त्याच्याकडून तीन चुका झाल्या होत्या. तुमच्याकडूनही याच होऊ शकतात, म्हणून क्रमाने सांगतो.

चूक १: आयएसओ फाइल नुसती कॉपी-पेस्ट केली

आयएसओ म्हणजे अख्ख्या डिस्कचा साचा. गाणं कॉपी करतो तशी ही फाइल पेनड्राइव्हवर टाकली, तर लॅपटॉपला ती फक्त एक मोठी फाइल दिसते. त्यावरून बूट होत नाही. ती 'लिहावी' लागते. त्यासाठी विंडोजवर रूफस किंवा बलेना एचर वापरा. रूफसमध्ये पार्टिशन स्कीम 'जीपीटी' आणि टार्गेट 'यूईएफआय' ठेवा, कारण नवीन लॅपटॉप जुन्या बायोस पद्धतीने सहसा बूट होतच नाहीत.

दुसरा कॉम्प्युटर नसेल तरी अडत नाही. अँड्रॉइडवर एचड्रॉइड नावाचं ओपन सोर्स ॲप आहे. ओटीजी ॲडॅप्टर लावून मोबाइलवरूनच पेनड्राइव्ह तयार करता येतो. गंमत म्हणजे अँड्रॉइड स्वतःच लिनक्स कर्नलवर चालतं. लिनस टोरव्हाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेला कर्नल तुमच्या खिशात आधीपासूनच आहे!

लक्षात ठेवा, लिहिताना पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. लग्नाचे फोटो असतील तर आधी काढून घ्या.

चूक २: सीनियरकडची जुनी आयएसओ वापरली

पेनड्राइव्ह नीट लिहिल्यावर 'शिम एसबॅट डेटा फेल्ड, सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' अशा अर्थाचा मेसेज आला आणि लॅपटॉप बंद झाला. हे काय प्रकरण?

सिक्युअर बूट म्हणजे गेटवरचा वॉचमन. ज्याच्याकडे सही असलेला पास, त्यालाच आत सोडतो. उबुंटूसारख्या लिनक्सकडे 'शिम' नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो, त्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते. पण जुन्या बूट प्रोग्रॅममध्ये सुरक्षेच्या त्रुटी सापडल्या, म्हणून ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने असे जुने पास रद्द केले. भावाकडची आयएसओ होती उबुंटू २२.०४ ची, २०२२ मधली. वॉचमनने अडवलं ते बरोबरच होतं.

उपाय साधा आहे. अधिकृत साइटवरून ताजी आयएसओ उतरवा आणि तिथे दिलेला चेकसम जुळवून पाहा. डाउनलोड अर्धवट झालं असेल तर तिथेच कळतं.

काही नवीन लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टची 'थर्ड पार्टी' सही मुळातच बंद ठेवलेली असते. मग ताजी आयएसओसुद्धा अडते. अशा वेळी यूईएफआय सेटिंगमध्ये 'अलाऊ मायक्रोसॉफ्ट थर्ड पार्टी यूईएफआय सीए' हा पर्याय शोधा.

चूक ३: व्हिडिओ पाहून सिक्युअर बूट बंद केलं

निळी स्क्रीन आली ती यामुळे. बऱ्याच नवीन विंडोज ११ लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. तिची किल्ली टीपीएम चिपमध्ये असते. बूटची परिस्थिती बदलली की चिपला शंका येते, "कुणीतरी छेडछाड केली." मग ती किल्ली देत नाही आणि तुमच्याकडे ४८ अंकी रिकव्हरी की मागते.

ही की सहसा मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सेव्ह असते. पण भावाचा लॅपटॉप दुकानातच सेटअप करून दिलेला, दुकानातल्याच कुठल्यातरी ईमेलवर! आत्या दारातून म्हणाली, "आरं, एवढ्या पैशाची वस्तू, आन् चावी दुकानदाराकडं?" मुद्दा अगदी बरोबर होता.

मी आधी फक्त एक गोष्ट केली. यूईएफआयमध्ये जाऊन सिक्युअर बूट परत चालू केलं. रिस्टार्ट... आणि विंडोज की न मागता सुरू झालं. परिस्थिती पूर्वीसारखी झाली की चिप बहुतेक वेळा किल्ली देते. म्हणून घाबरून रिसेट करू नका. जे शेवटचं बदललं, ते आधी परत जागेवर ठेवा.

मग लगेच कंट्रोल पॅनेलमधल्या 'डिव्हाइस एन्क्रिप्शन'मधून रिकव्हरी कीचा बॅकअप घेतला, भावाने ती वहीत लिहून ठेवली, लॅपटॉप त्याच्या स्वतःच्या अकाउंटवर आणला आणि कागदपत्रं दुसऱ्या पेनड्राइव्हवर कॉपी केली.

आता बरोबर क्रम

१. रिकव्हरी की लिहून घ्या, डेटाचा बॅकअप घ्या. हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२. ताजी आयएसओ, चेकसम, मग रूफस.

३. विंडोजचं 'शट डाउन' बऱ्याचदा अर्धवट असतं, फास्ट स्टार्टअपमुळे. म्हणून शिफ्ट दाबून 'रिस्टार्ट' करा आणि 'यूज अ डिव्हाइस' निवडा. किंवा लॅपटॉप सुरू होताना बूट मेन्यूचं बटण दाबत राहा: डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, आसुसवर एस्केप. एसरवर एफ१२ चालतं, पण ते आधी सेटिंगमध्ये चालू करावं लागू शकतं.

४. पेनड्राइव्ह यादीत नसेल तर दुसऱ्या पोर्टला लावा, हब काढा.

५. काळी स्क्रीन आली तर पहिल्या मेन्यूत 'सेफ ग्राफिक्स' निवडा. ग्राफिक्स कार्डमुळे हे होऊ शकतं.

६. वायफाय दिसत नसेल तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा.

७. आधी 'ट्राय' निवडून लिनक्स नुसतं चालवून बघा. 'इरेज डिस्क' लिहिलेलं दिसलं की हात मागे! त्याने विंडोज आणि डेटा दोन्ही जातात.

दुपारी ताज्या आयएसओवरून उबुंटू सुरू झालं, सिक्युअर बूट चालू असतानाच. इन्स्टॉल मात्र केलं नाही. भाऊ म्हणाला, "दादा, सेमिस्टर संपेपर्यंत पेनड्राइव्हवरूनच चालवतो." शहाणा झाला पोरगा.

तुम्ही पेनड्राइव्ह लावायच्या आधी एक काम आजच करा: तुमच्या लॅपटॉपची रिकव्हरी की कुणाच्या अकाउंटवर आहे, ते बघा.