फार्मसीच्या दारात काय बघतात?

बारावीचा निकाल लागला की ओळखीपाळखीतून एखादा तरी फोन येतोच. "नीटमध्ये काही जमलं नाही, आता फार्मसीला घालावं म्हणतोय. इंटरव्ह्यूत काय विचारतात हो?" या एवढ्याशा बोलण्यात दोन गैरसमज दडलेले असतात.

आधी इंटरव्ह्यूचा बघू. महाराष्ट्रात बी.फार्म.चे बहुतेक प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे ज्याला सगळे 'कॅप' म्हणतात त्यातून होतात. तिथे मुलाखत नसते, निबंध नसतो, शिफारसपत्र तर नसतेच. मुलांनी यूट्यूबवर पाहिलेले 'इंटरव्ह्यूची तयारी'चे व्हिडिओ बहुधा अमेरिकेतल्या प्रवेशाचे असतात. तिथे मुलाखत, शिफारसपत्रे, औषध दुकानातला अनुभव हे सगळे जोखतात. पीकॅट नावाची वेगळी प्रवेश परीक्षाही होती, ती २०२४ च्या जानेवारीत बंद झाली. आपल्याकडे तुमचा मुलगा कनवाळू आहे की चिडका, त्याला औषधांत रस आहे की मामाने सांगितले म्हणून तो आला आहे, हे विचारायला कोणी बसलेले नाही. बघतात ते एमएचटी-सीईटीचे पर्सेंटाइल आणि कागदपत्रांची फाइल.

दुसरा गैरसमज नीटचा. नीट बिघडली म्हणजे फार्मसी गेली असे नाही. उलट "नीट दिलीय, मग सीईटी कशाला?" हा हिशेब जास्त महागात पडतो. नीटच्या गुणांवर अर्ज करता येतो, पण पसंती आधी सीईटीवाल्यांना आणि नीटवाल्यांचा नंबर त्यांच्यामागे. चांगल्या कॉलेजांतल्या जागा तोवर उरतातच असे नाही. शिवाय सीईटीत चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. एकही प्रश्न कोरा सोडू नये, एवढे तरी प्रत्येकाच्या हातात आहे.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के, हा गोंधळ तर पालकसभेत दरवर्षी ऐकू येतो. ८५ पर्सेंटाइल म्हणजे २०० पैकी १७० गुण नव्हेत. तुमच्या सत्रात परीक्षेला बसलेल्या शंभरातल्या ८५ जणांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

"बारावीला अठ्ठ्याऐंशी टक्के आहेत, काळजी नाही." काळजी आहे. बी.फार्म.च्या गुणवत्ता यादीसाठी बारावीचे गुण म्हणजे फक्त उंबरठा. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित किंवा जीवशास्त्रासारखा तिसरा विषय यांत मिळून खुल्या वर्गाला ४५ टक्के आणि महाराष्ट्रातल्या राखीव वर्गाला ४० टक्के मिळाले की उंबरठा ओलांडला. पुढचा क्रम सीईटी ठरवते. डी.फार्म.चे बरोबर उलटे आहे. तिथे सीईटी नाही, यादी बारावीच्या गुणांवर लागते. एकाच घरातल्या दोन भावंडांना हे वेगवेगळे नियम लागू होतात आणि मग आईवडिलांचा गोंधळ उडतो.

डी.फार्म.बद्दल आणखी एक. "दोन वर्षं काढायची, सर्टिफिकेट घ्यायचं, मेडिकल टाकायचं" हे गणित आता जुने झाले. भारतीय फार्मसी परिषदेच्या २०२२ च्या नियमांनी पदविकेनंतर एक्झिट परीक्षा ठेवली आहे. तीन पेपर, प्रत्येकात किमान ५० टक्के, आणि ती पार केल्यावर राज्य परिषदेकडे नोंदणी. त्याआधीचे ५०० तासांचे प्रशिक्षण आहेच. आणि सर्टिफिकेट दुकानाच्या भिंतीवर भाड्याने टांगून आपण तिसऱ्याच गावी नोकरी करायची, हा सर्रास चालणारा प्रकार बेकायदेशीर आहे, हे प्रवेशाच्या वेळीच मुलांच्या कानावर घातलेले बरे.

जीवशास्त्र नसेल तर फार्मसी नाही, असेही पुष्कळांना वाटते. गणितवाल्यांनाही दार उघडे आहे. पहिल्या सत्रात त्यांना जीवशास्त्राचा पूरक विषय घ्यावा लागतो आणि जीवशास्त्रवाल्यांना गणिताचा. खरे तर पुढे औषध शरीरात किती वेळ टिकते याची समीकरणे आली की गणित सोडून पळालेल्यांनाच जास्त घाम फुटतो.

माझ्या मते, प्रवेश हातचे जातात ते गुणांपेक्षा कागदांमुळे. जात प्रमाणपत्र आहे पण वैधता प्रमाणपत्र नाही. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपली आणि कोणाच्या लक्षातच आले नाही. अधिवास दाखल्यावरचे नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळत नाही. मग राखीव जागेचा हक्क असलेली मुलगी खुल्या यादीत जाऊन बसते. आणि मुलींच्या बाबतीत हे जास्त लागते, कारण २०२४-२५ पासून राज्याने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. ही सवलत कॅपमधून घेतलेल्या प्रवेशाला आहे. कॅपमध्ये कॉलेज मिळत असताना घाईघाईने संस्था स्तरावरची जागा घेतली, तर ती हुकते.

त्या संस्था स्तरावरच्या जागांविषयीही "पैसे भरले की झालं" असे सर्रास बोलतात. विनाअनुदानित कॉलेजांत अशा जागा २० टक्क्यांपर्यंत असतात. पण २०१५ च्या कायद्याप्रमाणे त्याही अर्जदारांमधल्या गुणवत्तेनेच भरायच्या आणि पात्रता तीच. पावतीशिवाय मागितलेली रक्कम म्हणजे कॅपिटेशन फी, आणि तिला राज्यात १९८७ पासून बंदी आहे.

सरकारी कॉलेजे कराड, अमरावती, छत्रपती संभाजीनगर आणि रत्नागिरीला. मुंबईत इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, म्हणजे आयसीटी, आहे. बाकीचा बहुतेक पसारा खाजगी. नव्या कॉलेजांना पाच वर्षे बंदी घालण्याचा ठराव भारतीय फार्मसी परिषदेने २०१९ मध्ये केला होता. तो कोर्टात टिकला नाही, २०२२ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने परिषदेची बाजू फेटाळली. त्यानंतर तालुक्याच्या फाट्यावरसुद्धा फार्मसीच्या पाट्या दिसू लागल्या.

म्हणून मला वाटते, प्रश्नच उलटा विचारायला हवा. कॉलेज तुमच्यात जवळपास काहीच बघत नाही, तेव्हा बघायचे काम तुमच्याकडे आले. विद्यापीठाशी संलग्न असणे पुरेसे नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम १२ खाली परिषदेची मान्यता नसेल, तर ती पदवी घेऊन फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होत नाही. फार्म.डी. घ्यायचे असेल, तर कॉलेजचा करार खरोखर ३०० खाटांच्या रुग्णालयाशी आहे का, ते विचारा. अमेरिकेत फार्मासिस्ट व्हायचे मनात असेल, तर तिथल्या पात्रता परीक्षेला किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. आपले चार वर्षांचे बी.फार्म. तिथे कमी पडते, सहा वर्षांचे फार्म.डी. चालते. हे चौथ्या वर्षी कळण्यापेक्षा आत्ता कळलेले बरे.

पसंतीक्रम भरण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावर कॉलेजचे नाव शोधा. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर ते तिथेच पक्के होते, मागे फिरता येत नाही. तेव्हा ते नाव लिहिण्याआधी एखाद्या साध्या वाराच्या दुपारी, न कळवता त्या कॉलेजात जाऊन प्रयोगशाळेला कुलूप आहे की आत मुले काम करताहेत, एवढे बघून या.