न हलणारी बाजू

शेजारच्या सुनेसोबत मी सरकारी दवाखान्यात आलेय. कान-नाक-घशाच्या ओपीडीबाहेर ही गर्दी. आठ महिन्यांचं बाळ तिच्या मांडीवर झोपलंय, पण उजवी पापणी पुरती मिटलेली नाही. "वारं लागलंय," आजी पुन्हा म्हणतात. "पंख्याखाली निजवलं ना!"

आत डॉक्टरांनी हात लावताच बाळ भोकाड पसरतं. तोंड सर्रकन डावीकडे ओढलं जातं. आई डाव्या गालावर बोट ठेवते, "ही बाजू वाकडी होते, बघा."

"ती धड आहे, ताई. न हलणारी बघा."

आता मलाही दिसतं. कपाळाच्या उजव्या अर्ध्या भागावर आठी नाही. गाल सपाट. डोळ्यातून पाणी वाहतंय, डोळा मात्र उघडाच.

"लकवा?" आईचा आवाज फुटत नाही.

"मेंदूतला नाही. तसा असता तर बहुधा कपाळ हललं असतं. ताप होता? कानाला हात लावत होता?"

चार दिवस ताप. रात्रभर किरकिर. लसणाचं कोमट तेलही दोनदा कानात सोडून झालंय. डॉक्टर रागावत नाहीत. मी रागावले असते.

ओटोस्कोपमधून कानाचा पडदा लालबुंद, फुगलेला दिसतो. मागे पू आहे. डॉक्टर कागदावर रेघ ओढून दाखवतात: चेहरा हलवणारी नस मधल्या कानातून, हाडाच्या अरुंद नळीतून जाते. काहींची ही नळी जन्मतःच कुठेतरी उघडी असते. मग कानातली सूज सरळ नसेला भिडते. तान्ह्यांच्या कानातून घशाकडे जाणारी वाट आखूड नि आडवी, त्यामुळे सर्दी कानात उतरायला वेळ लागत नाही.

कानामागे दाबून बघतात. सूज नाही. तेवढंच बरं.

"दाखल करू. शिरेतून अँटिबायोटिक. दुपारी भूल देऊन पडद्याला बारीक छेद द्यायचा, पू काढायचा. आतापासून चार तास अंगावर पाजायचं नाही."

उपाशी ठेवायचं म्हटल्यावर आजींचा चेहरा पडतो. सिस्टर बाळाच्या उजव्या डोळ्यात थेंब घालतात. न मिटणारा डोळा कोरडा पडून बुबुळाला इजा होते.

"तोंड सरळ होईल ना?" आजी विचारतात.

"बहुतेक मुलांचं होतं. काही आठवडे लागतील."

तुमच्या घरातल्या बाळाचं तोंड रडताना एकीकडे जात असेल, तर शेक, तेल, दृष्ट यांत दिवस घालवू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि कान बघा म्हणून सांगा.